डाव्या कडेवर

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सलाम. फोनवर बोललेलं पुन्हा वाचता येत नाही असं तुझं म्हणणं, म्हणून लिहायला बसले. इथे थंडी आहे, पण कार्यशाळेत दिवे इतके जळत असतात की स्वेटर काढून काम करावं लागतं.

मला एक मोठं काम मिळालं आहे. आमच्या संग्रहालयात नवं दालन होतंय. त्याच्या दाराशीच एक आई उभी करायची आहे, कडेवर मूल घेतलेली, पूर्ण उंचीची. फार जुन्या काळातली. आजवर मी मासे केले, पक्षी केले, खोट्या झाडाची पानं कापता कापता बोटं सोलून घेतली. माणसाच्या इतक्या जवळचं काही पहिल्यांदाच करते आहे.

तारेचा सांगाडा उभा झाला, त्यावर माती चढवली, पण मूल काही कडेवर बसत नाही. भिंतीला पोस्टर चिकटवावं तसं दिसतं. आमच्यात कोणालाच मुलं नाहीत, त्यामुळे विचारायचं कोणाला? तू घरातली, शेजारची, चर्चच्या मंडळीतली किती मुलं वागवलीस. मूल कडेवर घेतलं की तुझा हात नेमका कुठे असतो, भार कुठे जातो, ते लिहून पाठवशील? चित्र काढू नकोस, तुझी चित्रं मला माहीत आहेत. शब्दांत लिही.

आतोबांना सलाम. शिलाई मशीनच्या दुकानात ती मांजर अजून बसते का?

तुझी,
घुमी

११ फेब्रुवारी

प्रिय घुमी,

प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. मांजर आहे. आता ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसते आणि गिऱ्हाईक उभं राहतं.

तुझं पत्र वाचलं आणि आधी हसू आलं. कडेवर मूल कसं घ्यायचं हे कोणी लिहितं का? हात आपोआप जातो. लिहायला बसले तर काही सुचेना, म्हणून पिठाची पिशवी कडेवर घेऊन आरशापुढे उभी राहिले. तेवढ्यात तुझे आतोबा जेवायला आले. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नाव काय ठेवलं?"

तर ऐक. मूल डाव्या कडेवर. उजवा हात कामाला मोकळा हवा, चुलीवर दूध असतं, दारावर कोणी असतं. डावा कुल्हा थोडा बाहेर काढायचा, म्हणजे मुलाला बैठक मिळते, आणि आपण वरून उजवीकडे झुकतो. भार कमरेवर नाही, डाव्या टाचेत जातो. हात मुलाच्या पाठीमागून येतो. आता खरी गोष्ट. मुलाचा एक पाय आपल्या पाठीकडे आणि एक पोटाकडे लोंबतो. हा पोटाकडचा पाय मी हातात घेते. टाच मुठीत, अंगठा तळपायावर. मुलांचे पाय गार पडतात ना. तुझे तर बर्फासारखे असायचे.

भाऊ आणि वहिनी एकामागून एक गेले आणि तू तीन वर्षांची माझ्याकडे आलीस. खाली ठेवलं तर कोपऱ्यात जाऊन बसायचीस. महिनोन्‌महिने तोंडातून शब्द नाही, म्हणून यांनी तुला घुमी म्हणायला सुरुवात केली. मी आपली तुला कडेवर घेऊनच सगळं करायची. रडायचीही नाहीस. पाय तेवढा हातात दिलेला असायचा.

आणि काय गं, "फार जुन्या काळातली आई" म्हणे. नाव घातलं नाहीस म्हणून मला कळणार नाही का? दाराशी उभी, कडेवर बाळ. लहानपणी नाताळच्या देखाव्यासाठी तू मातीची मरिया केली होतीस. तिचं नाक दर वर्षी पडायचं आणि दर वर्षी तू नवं लावायचीस, त्यामुळे कधी तिचं नाक फोटोतल्या वहिनीसारखं असायचं, कधी पाळकसाहेबांसारखं. आता देवाने तुला खरी करायला दिली. हातातली कला त्याच्या कामी येते आहे, अजून काय पाहिजे.

भगिनी मंडळात सांगितलं. सगळ्यांना इतका आनंद झाला. आमच्या नर्सबाई, ज्यांच्या हातावर निम्मी मंडळी जन्मली, त्या म्हणाल्या की वस्त्रांचं संग्रहालयवाले बघतील, पण बाळाचं दुपटं आपलं. नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून प्रत्येकीने घरातली धुऊन धुऊन मऊ झालेली चादर आणली. मंगळवारी एकत्र बसून टाके घातले. धागासुद्धा जुन्या उसवलेल्या कपड्यांचाच. वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे.

तुझी आत्या

ता.क. पार्सलचा खोका टाकू नकोस, चांगला आहे.

२ मार्च

प्रिय आत्या,

सलाम. उशीर झाला, माफ कर. काम फार आहे.

तुझं पत्र कार्यशाळेतल्या भिंतीवर लावलं आहे. कुल्हा बाहेर काढला, वरचं अंग उजवीकडे झुकवलं आणि मूल एका दुपारीत बसलं. सगळे गोळा होऊन बघत राहिले. पाय हातात दिला तेव्हा तर ते दोघं एकदम एकमेकांचे झाले.

दुपटं पोचलं. फार मऊ आहे. सगळ्यांना माझे आभार सांग. खोका ठेवला आहे.

घुमी

१० मार्च

प्रिय घुमी,

तुझं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं, उगाच पाकीट वापरलंस. बरी आहेस ना? दुपट्याचा रंग तुमच्या लोकांना पसंत पडला नाही का? तसं असेल तर स्पष्ट सांग, कोणी रागावणार नाही.

इकडे गंमत झाली. पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या मंडळीची मुलगी प्रभूच्या मातेचा पुतळा घडवते आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. सगळी मंडळी उभी राहिली. मला डोळे उघडवेनात.

दालनाचं उद्‌घाटन मे महिन्यात असं फोनवर म्हणाली होतीस. आम्ही सगळ्यांनी मिळून छोटी बस ठरवायचं चाललं आहे. जेवणाचे डबे आपापले.

घुमे, तुला कधी सांगितलं नाही. भाऊ शेवटचा बोलला तेव्हा मी त्याला शब्द दिला होता की तुझ्या पोरीला देवाच्या घरातून बाहेर जाऊ देणार नाही. तू शहरात गेलीस, शिकलीस, मला तुझी पुस्तकं कळेनाशी झाली. मला भीती वाटायची. आता वाटत नाही. आता वर गेले की त्याला सांगता येईल, ही बघ, तुझी पोर.

तुझी आत्या

१७ मार्च

प्रिय आत्या,

बस ठरवू नका.

ती मरिया नाही. मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. "फार जुन्या काळातली" असं लिहिलं तेव्हाच मला ठाऊक होतं की तू काय समजशील, आणि तू तसंच समजावंस अशी माझी थोडी इच्छाही होती. मग दुपटं आलं. तुझ्या निळ्या चादरीचा तुकडा मी लगेच ओळखला, माझ्या तापात तीच अंगावर असायची. त्यानंतर सांगायचं धाडसच झालं नाही.

नवं दालन माणूस कसा झाला याचं आहे. मी करते आहे ती आई आपल्याहून फार फार पूर्वीची. उंची माझ्या खांद्याच्याही खाली. कपाळ मागे गेलेलं, जबडा पुढे आलेला, अंगावर केस. पण ती दोन पायांवर ताठ चालते. तिला माकड म्हणता येत नाही आणि बाई म्हणायलाही जीभ अडखळते. तिच्या हाडांचे साचे माझ्या टेबलावर आहेत. इथे हाडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना हाडवाल्या बाई म्हणतो. मूल कसं धरायचं हा प्रश्न त्यांच्यामुळेच आला. माकडाचं पिल्लू हातांनी आणि पायांनीही आईच्या केसांना घट्ट धरून राहतं. आई उड्या मारत जाते, पिल्लू पडत नाही. पुढे पाऊल चालण्यासाठी घडत गेलं, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत आला, अंगावरचे केसही विरळ होत गेले. मग मुलाला आईला धरता येईना. बाई म्हणतात, अगदी खात्रीने कोणी सांगू शकत नाही, पण बहुतेक तेव्हापासून आईला मूल धरावं लागलं.

आता उरलेलंही सांगते. मी वर्षभर प्रभुभोजनाचा पाव घेतलेला नाही. उपासनेला जाते, मागच्या बाकावर बसते, पाव समोर आला की शेजारच्याकडे सरकवते. मला ही हाडं खोटी म्हणता येत नाहीत, मी ती रोज हाताळते. देव नाही असंही म्हणता येत नाही, कारण सकाळी मातीला हात लावण्याआधी तुझ्यासारखेच माझे डोळे मिटतात. पण दोन्ही एकदम धरलं की वाटतं, मी दोघांनाही फसवते आहे. रविवारच्या शब्बाथ शाळेत तू शिकवलंस की देवाने माणसाला आपल्यासारखं केलं. या लांबलचक रांगेत नेमकं कोणाकडे बघून तो म्हणाला असेल, ही माझी? माझी ही आई त्याच्या आधीची की नंतरची? आधीची असेल, नुसतंच जनावर असेल, तर माझ्या हातून तिचा हात असा का होतो आहे?

हे कोणाला विचारायचं तेही कळत नाही. इथे देवाचं नाव काढलं की लोक सांभाळून बोलतात, आणि तिकडे हाडांचं काढलं की.

मंडळीत काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावर ढकल. वडिलांना दिलेल्या शब्दाचं वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही.

घुमी

९ एप्रिल

चि. घुमीस,

मी पत्र लिहितो आहे म्हणजे काय समजायचं ते समज. लग्नाआधी तुझ्या आत्याला लिहिलं होतं, त्यानंतर हेच.

ती बरी आहे. तब्येतीने. तुझं पत्र आल्यापासून तिने घरातली सगळी भांडी घासायला काढली आहेत, त्यात न वापरलेलीही आली. तुझं पत्र तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, रोज काढते, वाचते, परत ठेवते. मी विचारलं, उत्तर का नाही पाठवत? म्हणाली, "मला अजून उत्तर आलेलं नाही." मी म्हटलं, पत्र तिचं आलंय, उत्तर तुला द्यायचंय. तर माझ्याकडे असं बघितलं की मी दुकानात निघून आलो.

मला एवढंच विचारायचं होतं की माणूस माकडापासून झाला हे खरं असेल, तर ते सगळ्यांच्या बाबतीत का फक्त तुझ्या आत्याच्या माहेरच्या बाबतीत? हे मी तिलाही विचारलं. ती हसली नाही. पण लाटणं फेकलं नाही, म्हणजे धोका टळला आहे असं वाटतं.

तू धीर धर. जेवत जा.

आतोबा

२० एप्रिल

प्रिय घुमी,

एक महिना लावला. रागावले होते, ते आधी लिहिते म्हणजे संपेल. माकड मी सोसलं असतं. तू लपवलंस ते सोसवलं नाही. माझी पोर शेजारच्याकडे पाव सरकवते आणि मला वर्षभर ते ठाऊक नाही. मी इकडे चादरी फाडत बसले.

झालं. संपलं.

मंडळात मीच सांगितलं. तुझ्यावर ढकललं नाही, कारण तू मरिया म्हणाली नव्हतीस, मी म्हणाले होते. उभी राहिले आणि म्हटलं की माझी समजण्यात चूक झाली, ती मरिया नाही, फार पूर्वीची, केसाळ, माणूस व्हायच्या वाटेवरची कोणी आई आहे. खजिनदारबाई पिशवी उचलून निघून गेल्या, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि बोलतील असं वाटत नाही. पुष्कळजणी माझ्याकडे न बघता सुया टोचत राहिल्या. मग नर्सबाई म्हणाल्या, "थंडी त्या पोरालाही वाजलीच असेल की." आणि पुढचा टाका घातला. त्यामुळे दुपटं परत पाठवू नकोस, हा मंडळाचा निरोप आहे.

मग पाळकसाहेबांकडे गेले, कारण त्यांना मी सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, कोणी केलं आणि कशासाठी केलं हे पवित्र शास्त्र सांगतं, कसं केलं आणि किती काळात हे शोधायला देवाने बुद्धी दिली. वाक्य चांगलं आहे, पण मला ते फार गुळगुळीत वाटलं, हातातून निसटत होतं. तसं तोंडावर सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की त्यांनाही याच्या पलीकडचं माहीत नाही, पण हाडं सापडली म्हणून घाबरेल असा देव त्यांनी आजवर कोणाला सांगितलेला नाही. हे मला पटलं. हे त्यांनी पाठ केलेलं नव्हतं.

आता तुझा प्रश्न. देव कोणत्या दिवशी म्हणाला, ही माझी?

मी मॅट्रिक झालेली बाई, मला हाडांतलं काय कळणार. पण भांडी घासता घासता मी एक विचार करत होते. तू माझी कोणत्या दिवशी झालीस? इथे आलीस त्या दिवशी? त्या दिवशी तू मला परकी होतीस आणि मी तुला. कचेरीत कागदावर सह्या केल्या तो दिवस? तेव्हा तुला सांभाळायची जबाबदारी माझी झाली, एवढंच. पहिल्यांदा आत्या म्हणालीस तो? पण त्याच्या कितीतरी आधीपासून तुला ताप आला की अंग माझं दुखायचं. मी खूप शोधलं, घुमे. तो दिवस सापडत नाही. सापडत नाही म्हणून तू माझी नाहीस असं कोणी माझ्यापुढे म्हणून दाखवावं. बहुतेक तू माझी होत होतीस तेव्हाच मी तुला हाक मारत होते, आणि हाक मारत होते म्हणूनच होत होतीस. तू वळून बघायला वेळ घेतलास. मला घाई नव्हती. मग त्याला कशाला असेल?

मातीतून घडवलं एवढंच आपल्याला सांगितलं आहे. माती किती वेळ मळली ते सांगितलेलं नाही. साधी कणीकसुद्धा मळून झाकून ठेवावी लागते, आणि ठेवलेली असते तेव्हा तिचं काहीच चाललेलं नाही असं बाहेरच्याला वाटतं.

आणि दुसरं. तू लिहिलंस की माकडाचं पोर आईला धरतं आणि आपलं पोर आईने धरावं लागतं. ते वाचलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी आयुष्यभर समजत आले की आपण देवाला धरून आहोत. घट्ट धरायचं, हात सुटला की गेलो. तुझ्यासाठी मी तेच मागायची, पोरीचा हात सुटू देऊ नको. भावाला शब्दही तसाच दिला, जणू मीच तुला बांधून ठेवणार होते. आता वाटतं, आपल्या पायांना मुळी धरताच येत नाही. त्याने आपल्याला घडवता घडवता तसंच केलं, म्हणजे त्याला आपल्याला धरावं लागावं. हे पापासारखं बोलत असेन तर देव क्षमा करो, पण त्या रात्री मला फार दिवसांनी झोप लागली.

आदामाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणि त्याच्या पापामुळे जगात मरण आलं म्हणतात, पण त्याच्या आधीपासूनच जर जनावरं मरत होती, तर ते आलं कुठून, तेही नाही. हे दोन्ही मी फळीवर वर ठेवून दिलं आहे. हात पोचेल तेव्हा काढीन, नाहीतर वर गेल्यावर विचारीन.

पाव मात्र सरकवायचा नाही. तो परीक्षा पास झालेल्यांना वाटत नाहीत. भूक असेल तर घ्यायचा. तुला भूक आहे की नाही एवढंच बघ.

तुझी आत्या

ता.क. पुतळ्याचं नाक नीट बसव.

२८ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र भिंतीवर लावलं नाही. खिशात आहे.

दुपटं बाळाच्या अंगावर घालता येत नाही. त्या काळात कापडच नव्हतं, आणि संग्रहालयात खोटं दाखवायचं नसतं. मी दोन महिने ते टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. आमचे पुतळे आतून पोकळ असतात. बाहेरचं कवच साच्यातून काढायचं, दोन भाग जोडायचे, मग सांधा बुजवून रंग द्यायचा. काल तिचे पुढचे आणि मागचे भाग जोडायचे होते. मी हाडवाल्या बाईंना विचारलं, आत काही भरलं तर चालेल का? त्यांनी दुपट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वजन वाढू देऊ नकोस. आणि मला सांगू नकोस." निळा तुकडा वर येईल अशी घडी घातली आणि तिच्या छातीच्या आत, मुलाच्या बाजूला बसवली. आता ती उघडत नाही. नर्सबाईंना एवढंच सांग की पोराला थंडी वाजणार नाही.

तुझ्या पत्रातलं दिवसाचं मी पुन्हा पुन्हा वाचते. तुला आठवतं का, मी पहिल्यांदा आत्या कधी म्हणाले? मला आठवत नाही. लहानपणी मला वाटायचं मी पहिल्यापासूनच म्हणत होते.

प्रभुभोजनाचं एवढ्यात विचारू नकोस. नाही म्हणत नाही. थोडा वेळ दे.

उद्‌घाटन तीस मेला आहे. बस ठरवा, किंवा तू एकटी ये, किंवा येऊ नकोस. तिला बघून तुला वाईट वाटलं तर मला लगेच सांग, मनात ठेवू नकोस. घुमी मी आहे, तू नाहीस.

घुमी

२ जून

प्रिय घुमी,

घरी पोचलो. बस नाही झाली, चौघंच आलो ते तू पाहिलंसच. परतीच्या वाटेत पाळकसाहेब झोपले आणि नर्सबाई सगळा वेळ बोलत होत्या. तिथे तुझ्या लोकांच्या गर्दीत मला काही बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

दारातून आत आले तेव्हा मी तिच्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघत राहिले. तू किती वाळली आहेस. मग तिच्याकडे बघितलं. ते कपाळ, तो जबडा. मनात आलं, देवा, ही आमची कशी? यांच्याकडे वळून बघितलं, आता हे माहेरचं काहीतरी काढतील. पण यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मग तिचा हात दिसला. टाच मुठीत, अंगठा तळपायावर. माझा हात. नखाशी चिरलेला तो अंगठा, मशीनच्या सुईखाली आला होता तो, तोसुद्धा तू तसाच केलास. कोणाला कळणार आहे ते?

मला आधी वाटलं, हे मी लिहून पाठवलं म्हणून तू केलंस, यात तिचं काय? तेवढ्यात एक बाई आली, तुझ्याएवढी असेल, कडेवर पोरगी. ती पुतळ्याकडे बघत नव्हती, खाली लावलेली पाटी वाचत होती. आणि तिच्या मुठीत पोरीची टाच होती. तिने माझं पत्र वाचलेलं नाही. तिला कोणी सांगितलेलं नाही. मी त्या दोन हातांकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि माझा हात पर्सच्या पट्ट्यावर तसाच वळला होता.

मंडळात मी नेहमी सांगायची की मूल कसं वागवायचं ते मला देवाने शिकवलं, कारण मला स्वतःचं नव्हतं आणि शिकवायला आईही नव्हती. अजून तेच सांगीन. त्यानेच शिकवलं. फक्त शिकवायला त्याने फार आधी सुरुवात केली होती, आणि फार सावकाश. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याने किती जणींच्या हातांना वळण लावलं असेल. त्यातली एक तू दाराशी उभी केलीस. तिला मी निघताना सलाम केला. यांनी बघितलं. बघू देत.

नाक चांगलं बसलं आहे.

पुढच्या रविवारी आपल्याकडे प्रभुभोजन आहे. विचारत नाही, नुसतं कळवते. खिडकीकडच्या बाकावर माझ्या डाव्या हाताला जागा धरून ठेवीन. आलीस तर बस. नाही आलीस तर तिथे माझी पिशवी ठेवीन, म्हणजे दुसरं कोणी बसणार नाही.

तुझी आत्या

५ जून

प्रिय आत्या,

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते आहे. भूक आहे.

पिशवी मांडीवर घे.

घुमी